सहावा खांदा

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर वरचीवाडी म्हणेल सरांनी आमची बदनामी केली, खालचीवाडी म्हणेल पुरेशी केली नाही, आणि दोन्ही वाड्या रविवारी नेमक्या जेवणाच्या वेळेला माझ्याकडे येतील. मालगुंडच्या अलीकडे खाडी वळते त्या अंगाला आहे, एवढं पुरे.

मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो आणि तो समाजोपयोगी असावा असा वरून आदेश असतो. त्यामुळे दरवर्षी माझ्याकडे गणपतीपुळ्याच्या पार्किंगवरचे प्रोजेक्ट येतात. गणपतीपुळ्याचं पार्किंग अजून सुटलेलं नाही, पण मुलं सुटली आहेत.

कंटाळून मी यंदा वर्गाला एक वेगळं सॉफ्टवेअर दाखवलं. फुकट मिळतं. पडद्यावर ठिपके सोडायचे आणि प्रत्येकाला दोन-तीन साधे नियम द्यायचे: शेजाऱ्याच्या अंगावर जाऊ नको, त्याच्यापासून फार लांब राहू नको, तो वळला की तूही वळ. बाकी काही नाही. पुढारी नाही, हुकूम नाही. चालू केलं की ठिपके आधी बावचळल्यासारखे फिरतात, आणि मग बघता बघता त्यांचा थवा होतो, मुंग्यांची रांग होते, बांगडा माशांची झुंड होते. प्रत्येकाला वाटतं आपण शेजाऱ्याकडे बघून चाललोय, आणि सगळे मिळून कुठेतरी पोचतात. आमच्या स्टाफरूमच्या नेमकं उलटं. तिथे नियम भरपूर, पुढारी त्याहून भरपूर, आणि पोचत कोणीच नाही.

तास संपल्यावर रुचिरा मागे थांबली. त्याच गावातली, खालच्यावाडीची. वडील बाबल्या, मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे कप्तान.

"सर, यात शिमग्याची पालखी घालता येईल?"

"येईल की. पण समाजोपयोग काय लिहिणार?"

"बाबांवर आळ आहे, सर. तो खरा की खोटा ते कळेल."

इतकं स्वच्छ उद्दिष्ट माझ्याकडे आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. त्या गावात शिमग्याला खूण काढतात. आदल्या दिवशी वरच्यावाडीचे मानकरी मळ्यात कुठेतरी नारळ पुरतात आणि वर माती लोटून ठेवतात. दुसऱ्या दिवशी ढोलाच्या तालावर पालखी मळ्यात नाचते, घिरट्या घालते, पुढे जाते, मागे येते, आणि शेवटी तिचा दांडा जिथे टेकतो तिथे खणलं की नारळ निघतो. खांदेकरी सहा, पुढे तीन आणि मागे तीन. कुठे जायचं ते त्यांच्यातल्या कोणालाही ठाऊक नसतं. देवी नेते, असं गाव म्हणतं. मी माझ्या भाषेत स्वयंसंघटन म्हणालो असतो. दोघांनाही पुढचं विचारलं तर पंचाईत आहे.

खांदा घराण्यात चालतो. बाबल्याच्या घराकडे दोन खांदे होते. सगळ्यात मागचा त्याचा आणि त्याच्या पुढचा त्याच्या मुलाचा, सूरजचा. सूरज जहाजावर नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी आखातात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावरून तो नाहीसा झाला. संध्याकाळी होता, सकाळी नव्हता. कंपनीने 'बेपत्ता' कळवलं. त्याची आई सावित्री म्हणाली, बेपत्ता म्हणजे पत्ता नाही, माणूस आहे. तिने दिवसकार्य करू दिलं नाही. आणि गावाचा नियम असा की घरात दिवस घातल्याशिवाय गेलेल्याच्या खांद्याला दुसरा माणूस लागत नाही. म्हणून दोन शिमगे ती पालखी पाच जणांनीच नाचवली, मधली एक जागा रिकामी ठेवून.

आणि त्या दोन्ही वर्षी पालखी भरकटली नाही. पूर्वी खूण काढता काढता दुपार टळायची, लोक उन्हात बसून कलिंगडं खायचे. आता मळ्यात पाय ठेवला की पालखी सरळ नारळावर. गावाला आधी कौतुक वाटलं, मग संशय आला. देव एवढा तत्पर असत नाही.

आप्पा, म्हणजे वरच्यावाडीचे मुख्य मानकरी, एक दिवस स्वतः कॉलेजात आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्या केबिनमधला पंखा बघत बसले.

"सर, ती पोरगी तुमच्याकडे पालखी शिकते म्हणे."

"शिकत नाही, नाचवते. कॉम्प्युटरवर."

"वजन किती धरलंत?"

मी चमकलो. परीक्षकांनीही हा प्रश्न विचारला नसता.

"आप्पा, तुम्हाला खरंच वाटतं बाबल्याने लबाडी केली?"

"मला काय वाटायचंय? नारळ आम्ही पुरतो. मागून रेटा येतो नि पालखी धावत सुटते. मागे कोण? बाबल्या. बाकीचे चारही पोरगे शपथेवर सांगतात, आम्ही नुसते ओढले जातो." त्यांनी टोपी उलटी करून आत बघितलं. "यंदा शिमग्याच्या आधी देवळात बैठक आहे. लबाडी ठरली तर त्या घराकडचे दोन्ही खांदे जातील. मग रिकामी जागा ठेवायची पण गरज नाय. तुम्ही येऊन संगणक काय म्हणतो ते सांगा. आमचं ऐकत नाय खालचीवाडी. पडद्यावर दिसलं की ऐकतात."

मी हो म्हटलं. समाजोपयोगाचा पुरावा म्हणून बैठकीचा फोटो लावता येईल, असा एक क्षुद्र विचारही मनात येऊन गेला.

गावातल्या हर्षदने आपल्या चॅनेलसाठी दोन्ही वर्षी ड्रोनने चित्रण केलं होतं. तो स्वतः सगळ्यात पुढचा खांदेकरी, पण ड्रोन चालवायला भावाला बसवलं होतं. वरून बघितल्यावर पालखी म्हणजे एक लाल चौकोन आणि दांड्याखाली पाच डोकी. रुचिराने प्रत्येक डोक्याचा ठिपका केला. प्रत्येक ठिपक्याला नियम दिले: दांडा जिकडे ओढेल तिकडे थोडं जा, शेजाऱ्याचा पाय तुडवू नको, अधूनमधून स्वतःची लहर म्हणून रेटा दे.

कोणालाच नारळ ठाऊक नाही असं धरलं, तेव्हा पडद्यावरची पालखी गोल गोल फिरत राहिली, अगदी पूर्वीच्या शिमग्यासारखी. बघताना मला कलिंगडाची आठवण झाली. मग एकाच ठिपक्याला जागा सांगितली, बाकीच्यांना नाही. पालखी पाचसहा घिरट्यांत नारळावर. म्हणजे लबाड एक जरी असला तरी पुरे, उरलेल्यांना आपण ओढले जातोय एवढंच कळतं. आप्पांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. रुचिराचा चेहरा उतरला.

"अजून जुळलेलं नाही," मी म्हणालो. "पालखी पोचली, पण चित्रणातल्यासारखी पोचली का ते बघ."

ती तशी पोचत नव्हती. बाबल्याला लबाड केलं की पडद्यावरची पालखी शेपटाकडून वळायची. चित्रणातली तशी वळत नव्हती. तिला रेटा मागून मिळत होता खरा, पण अगदी मागून नव्हे. एका माणसाएवढा पुढून. हर्षदला लबाड केलं, मधल्यांना केलं, एकेक करून पाचही झाले. कोणीच जुळेना.

त्या सॉफ्टवेअरला उलटंही चालवता येतं. खरी हालचाल द्यायची आणि विचारायचं, कुठल्या ठिपक्यांनी, कुठल्या नियमांनी असं होईल. मग ते स्वतःच नियम बदलत बदलत जुळेपर्यंत खेळत बसतं. रुचिराने ते लावलं, आम्ही कॅन्टीनमध्ये वडा-पाव खाऊन आलो, आणि पडद्यावर लिहिलं होतं की जुळलं. चित्रण आणि ठिपके एकावर एक ठेवले तर केसाचाही फरक नव्हता.

ठिपके सहा होते.

"सर, आकडा बांधून ठेवायला विसरले मी," रुचिरा म्हणाली. "वेग बांधला, उंची बांधली. ठिपके किती हे मोकळंच राहिलं."

"मग त्याने सोयीसाठी एक वाढवला. मशीनला काय. तू पाच करून टाक."

पाच केले. जुळेना. मोकळं सोडलं, सहा. प्रोग्राम काढून नव्याने घातला, सहा. दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच लोकांनी लिहिलेलं वेगळं सॉफ्टवेअर आणलं. त्याचा पडदा हिरवा होता एवढाच फरक. सहा. त्याच्या आदल्या वर्षीचं चित्रण दिलं, तरी सहा. आणि प्रत्येक वेळी नवा ठिपका एकाच जागी, मागून दुसरा. चित्रणात तिथे उघडा दांडा आणि खाली मळ्याची माती.

मला उगाच वाटलं की खिडकी लावावी. बाहेर लख्ख ऊन होतं आणि पोरं क्रिकेट खेळत होती.

"याच्याआधीचं काही चित्रण आहे?" मी विचारलं. "सगळे सहा होते तेव्हाचं?"

होतं, हर्षदचंच. ते दिलं. सहा आले, म्हणजे यावेळी बरोबरच आले. मग मी तो मागून दुसरा ठिपका, जिवंत सूरजचा, वेगळा काढला आणि नव्या दोन वर्षांतल्या आगंतुकाशेजारी ठेवला. दोन्ही ठिपके चालायला लागले. चालता चालता काही पावलांनी दोघेही मध्येच अडखळायचे, जिथे टेकले तिथेच पुन्हा टेकायचे आणि मग पुढे जायचे. दोघेही एकाच वेळी.

"लहानपणी जेटीवरून पडला होता," रुचिरा म्हणाली. "उजवा पाय दोनदा टेकायचा."

शास्त्रात याला उत्तम जुळणी म्हणतात. घरात काय म्हणतात ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

बैठकीच्या आधी बाबल्याला दाखवायला हवं, असं तीच म्हणाली. आम्ही सकाळी गेलो. पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून बांबूचं बेडं उघडलं की त्यांचं अंगण. सावित्रीबाई कोपऱ्यात सुके बांगडे उलटे करत होत्या. त्यांनी वर बघून नुसती मान हलवली. बाबल्या पडवीत बसला होता. मोठ्या हाडाचा, कमी बोलणारा माणूस. मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

"हे तुम्ही लोक. वरून बघितलेले. खरी माणसं नाहीत, नुसते ठिपके."

त्याने थोडा वेळ बघितलं आणि बोट ठेवायला सुरुवात केली. "हा हर्षद. उगाच उड्या मारतो, कॅमेरा हाय ना. हा मी, सगळ्यात मागे. म्हातारा झालो रे मी." बोट पुढच्या ठिपक्यावर आलं आणि काचेला न लागता तसंच राहिलं.

ठिपका चालला, अडखळला, पुन्हा टेकला.

"हे कधीचं?"

"गेल्या शिमग्याचं," मी म्हणालो.

बाबल्याने रुचिराकडे बघितलं. तिने मान खाली घातली. मी मधल्या मधे बोलत राहिलो, शिक्षकाला शांतता सोसत नाही. हा हिशेबाचा ठिपका आहे, याचा असा एक अर्थ होतो आणि तसाही एक अर्थ होऊ शकतो, पण महत्त्वाचं हे की तुमच्यावरचा आळ जातो, रेटा तुमचा नाही.

"सुट्टी थोडी मिळायची त्याला," बाबल्या मधेच म्हणाला. "म्हणायचा, बाबा, खूण लवकर काढू, मला जेवून निघायचंय. कायम घाई." मग आवाज खाली आणून, "सर, हे बैठकीत दाखवणार?"

"आळ जाईल ना."

"आळ जाईल. नि तिला काय कळेल?" त्याने अंगणाकडे मान केली. "जिता माणूस दोन ठिकाणी नसतो. हा इथे खांदा देतोय म्हटल्यावर तिकडे कुठे तो नाय. दोन वर्षं ती रोज ताट वाढून ठेवते. तुमी एका ठिपक्यात संपवाल."

"बाबा, मग दोन्ही खांदे जातील," रुचिरा म्हणाली. "तुमचं नाव जाईल."

"चहा घेतलात का?" सावित्रीबाई पायरीवर उभ्या होत्या, हाताला मिठाचा वास. बाबल्याने लॅपटॉप मिटला, पेटी मिटावी तसा, अगदी सावकाश.

"काय बघताय एवढं?"

"पार्किंग," बाबल्या म्हणाला. "पुळ्याचं."

बैठक रविवारी सकाळी, देवळाच्या मंडपात. एका बाजूला वरचीवाडी, एका बाजूला खालची, मागे बायका. सावित्रीबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. कोणीतरी पांढरी चादर ताणून बांधली होती आणि प्रोजेक्टर देवीच्या दानपेटीवर ठेवला होता.

"बोला सर," आप्पा म्हणाले. "काय म्हणतो संगणक?"

"आप्पा, असं आहे की यात अनेक शक्यता संभवतात."

"शक्यता आमच्याकडे पण होत्या. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

लोक हसले. मी बाबल्याकडे बघितलं नाही. रुचिरा उठली. तिने आदल्या दिवशीच मला सांगितलं होतं, सर, मी दाखवणार, बाबांना चोर म्हणवून घेणार नाही, आईला जे कळायचं ते कळू दे. तिने वायर जोडली. चादरीवर उजेड पडला.

"बंद कर गो ते," बाबल्या म्हणाला.

"बाबा, थांबा."

"बंद कर." तो उभा राहिला. "संगणकाची काय गरज नाय. मला खूण ठाऊक होती."

ढोल मधेच थांबावा तसं झालं. आप्पांनी चष्मा काढला.

"कोणी सांगितलान तुला?"

"कोणी नाय. पुरताना बघितलं. मळ्यामागच्या दगडी गडग्यावरून. दोन्ही वर्षी." बोलताना त्याने कान खाजवला. "मीच रेटली पालखी. काय करायचं ते करा."

आप्पांना आनंद व्हायला हवा होता. पण आळ घेणाऱ्याला कबुली फारशी आवडत नाही, भांडण संपतं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि नियमाप्रमाणे जे म्हणायचं ते म्हणाले. दोन्ही खांदे काढले. मागचा खांदा वरच्यावाडीच्या एकाकडे गेला आणि त्याच्या पुढचा, रिकामा, आप्पांच्या पुतण्याकडे, गौरवकडे. रुचिरा वायर गुंडाळत होती, गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळत होती.

बाहेर मी चपला शोधत होतो. सावित्रीबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हे खोटं बोलले की कान खाजवतात," त्या म्हणाल्या. "लग्नापासून बघते."

मी एक चप्पल उचलली.

"सर, त्या सहाव्याचा पाय अजून दोनदा टेकतो ना?"

माझ्या हातात एक चप्पल होती, ती तशीच राहिली.

"तुम्ही बघितलंत?"

"पायरीवर होते मी, तुमी सगळे वाकून बसलात तेव्हा." त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला. "टेकतो ना?"

"टेकतो."

"ह्यांना सांगू नका मी बघितलं ते. ह्यांना वाटतं, मला कळलं तर मी उभी राहायची नाय." आणि त्या पाखाडीने खाली गेल्या, नवऱ्याच्या मागून, थोडं अंतर ठेवून.

शिमग्याला मला बोलावणं होतं. आता मी गावाचा सर झालो होतो. सकाळीच ऊन चढलं होतं. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठली तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. गौरव मागून दुसऱ्या जागी, नवा सदरा, डोक्याला फेटा. माझ्याजवळून जाताना तो वाकून म्हणाला, "सर, दांडा खांद्याला लागतच नाय."

"तुझ्या पुढचा उंच आहे," मी म्हणालो. त्याच्या पुढचा त्याच्याहून बुटका होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पालखी मळ्याकडे गेली नाही. देवळाच्या वळणावर तिने तोंड फिरवलं आणि पाखाडी उतरायला लागली. ढोलवाले गोंधळून मागे धावले. "वळवा," आप्पा म्हणाले. सहाही जण वळवत होते. त्यांच्या पोटऱ्या ताठ झालेल्या मला दिसत होत्या, पाय वरच्या दिशेला रोवलेले, आणि पालखी त्यांना घेऊन खाली चालली होती, घाईने, आणि चालता चालता मधेच अडखळत. बेडं उघडंच होतं. बाबल्याच्या अंगणात जाऊन ती थांबली. ढोल आपोआप बंद पडला. खाडीवरचा वारासुद्धा ऐकू येईना.

बाबल्या पडवीच्या खांबाशी उभा होता. पालखी दारात आली की खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी घालतात, तो रिवाजच आहे. सावित्रीबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. हर्षदच्या पायावर पाणी घातलं, मग एकेक करत मागे आल्या, गौरवच्या, सगळ्यात मागच्याच्या. सहा झाले. मग त्या परत फिरल्या आणि गौरवशेजारच्या मोकळ्या जमिनीवर वाकल्या. तिथे पाणी घातलं. थांबल्या. त्याच जागी पुन्हा घातलं.

"जा आता," त्या म्हणाल्या. "जेवून जा म्हटलं असतं, पण तुला कायम घाई."

बाबल्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं एका घरात राहून एकमेकांपासून काय काय लपवत आलो याचा हिशेब त्या एका नजरेत झाला असावा, मी मान वळवली.

आप्पा पुढे आले. सगळ्यात मागच्या माणसाला त्यांनी हाताने बाजूला केलं. "बाबल्या, ये रे. लाग खांद्याला."

"मी तर लबाड," बाबल्या म्हणाला.

"ते आपण नंतर बघू. पोराच्या नावाचं पाणी पडलं, आता ये."

तो उतरला. अंगणातल्या त्या ओल्या जागेवर त्याने पाय दिला नाही, वळसा घातला, आणि दांड्याखाली खांदा घातला. ढोल पुन्हा हळूच सुरू झाला. पालखी हलली, कुठे जावं ते न सुचल्यासारखी जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे, पूर्वी करायची तशी.

बेड्यातून बाहेर पडताना गौरवचे गुडघे एकदम वाकले. चेहरा लाल झाला.

"वजन आलं," तो मागे वळून न बघता म्हणाला. "बाबल्याकाका, वजन आलं एकदम."

"येणारच," मागून बाबल्या म्हणाला. "सावकाश चाल. आता कोणाला घाई नाय."